नळाला दर पावसाळ्यात गटाराच्या वासाचं पाणी येतं, दोष शोधायचा कुठून?

मृगाचा पाऊस पडला की खान्देशात गावोगाव एकच तक्रार सुरू होते. नळाला आधी काळपट, वास मारणारं पाणी येतं, मग हळूहळू निवळतं, आठवडाभरात गल्लीतली दोन-चार लेकरं जुलाबाने पडतात, बोंबाबोंब झाली की ग्रामपंचायत टाकी धुते, टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, डोस वाढवते, थोडे दिवस बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न. मी गिरणा पट्ट्यात मोटर आणि नळफिटिंगची कामं करतो, पाइप उकरून बघायचाच धंदा आहे आपला, आणि या तक्रारीचा दोष बहुतेक वेळा टाकीत नसतो, विहिरीतही नसतो, टाकीच्या वॉलपासून (व्हॉल्व्ह, पाणी सोडायची चावी) तुमच्या तोटीपर्यंतच्या पाइपात असतो. म्हणून टाकी कितीही घासा, तक्रार परत येते.

कारण समजलं की शोधणं सोपं जातं. आपल्याकडे रोज पाणी येणारी गावं किती? कुठे चार दिवसांआड, कुठे आठ, उन्हाळ्यात काही ठिकाणी त्याहून वाईट. पाणी सुटलेलं असतं तेव्हा पाइपात प्रेशर असतं, जॉइंट फुटका असला तरी पाणी बाहेर जातं, रस्त्यावर ओल दिसते, घाण आत येत नाही. वॉल बंद झाला की पाइपातलं उरलेलं पाणी उताराकडच्या घरांतून निथळून जातं, निथळताना मागे ओढ तयार होते आणि त्याच फुटक्या जॉइंटमधून बाहेरचं नालीचं पाणी आत ओढलं जातं. मग पुढच्या पाळीपर्यंत ते तिथंच मुरत पडतं आणि पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच तुमच्या हंड्यात. उन्हाळ्यात नाल्या अर्ध्या कोरड्या म्हणून त्रास कमी, पावसाळ्यात तुंबलेल्या म्हणून जास्त, पावसाचा संबंध एवढाच.

वरून टिल्लू मोटरी. पाळीच्या वेळी गल्लीत दहा घरांनी डायरेक्ट लाइनवर मोटर लावली की चालू पाण्यातसुद्धा पाइपातलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा खाली जातं, म्हणजे वॉल उघडा असतानाही नाली आत येते. टिल्लूवाल्याला वाटतं आपण फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढतोय, तो शेजाऱ्याच्या दारापुढचं गटारही ओढत असतो आणि त्याच्याच घरात नेत असतो.

आता शोधायचं कसं. आधी खर्च काही करू नका, रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. पाणी सुटल्यासुटल्या एक भरा, पाच मिनिटांनी दुसरी, पंधरा-वीस मिनिटांनी तिसरी, पाळी संपताना शेवटची. बाटलीवर वेळ लिहून ओळीने ओट्यावर ठेवा आणि मागे पांढरा कागद धरा. पहिली घाण आणि बाकी स्वच्छ असतील तर पाइपात बाहेरून शिरतंय. सगळ्या सारख्याच गढूळ असतील तर दोष वरचा, म्हणजे विहीर, नदी, फिल्टर नाहीतर टाकी. मध्येच एखादी खराब असेल तर ती वेळ आठवा, बहुतेक त्याच वेळी मोटरी सुरू झालेल्या असतात किंवा वॉलमनने दुसऱ्या गल्लीचा वॉल फिरवलेला असतो. हेच वरच्या गल्लीत, खालच्या गल्लीत आणि पार शेवटच्या घरी एकाच पाळीला करा. एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा बचत गटाच्या बायकांना सांगितलं तर लवकर होतं, कारण पाणी भरायला त्याच असतात आणि कुठल्या घरी पाणी किती वाजता येतं, कसं येतं हे त्यांना सरपंचापेक्षा जास्त पाठ असतं. फक्त तुमच्या एका घरी घाण येत असेल तर ग्रामपंचायतीशी भांडायला जाऊ नका, तुमचं कनेक्शन किंवा तुमची जमिनीखालची टाकी बघा.

रंगावरूनही बरंच कळतं. तांबूस-पिवळं आणि वास नाही, तर जुना जीआय (लोखंडी) पाइप गंजलाय. दुधाळ दिसतं आणि ग्लास ठेवला की तळाकडून वर साफ होत जातं, तर ती नुसती हवा आहे, रिकामी लाइन भरताना येते, घाबरायचं कारण नाही. दुधाळ आहे आणि तळाला पांढरा गाळ बसतो, तर टीसीएलचा चुना ढवळून आलाय किंवा पाणी फार क्षाराचं आहे. सडक्या अंड्याचा वास बोअरच्या पाण्याला कधी कधी मुळातच असतो, तो उघड्या भांड्यात ठेवला की उडून जातो, नालीचा वास तसा जात नाही. बारीक लाल अळ्या दिसल्या तर टाकीचं झाकण उघडं आहे किंवा तळाला गाळ साचलाय. काळपट आणि संडासाचा वास, हे मात्र सरळ गटार, तिथं दुसरा विचारच करायचा नाही, ते पाणी प्यायला बंद.

एक लक्षात ठेवा, पाणी दिसायला स्वच्छ असलं म्हणजे चांगलं असं नाही. पहिली पाच मिनिटं जाऊन पाणी निवळलं की आपण बिनधास्त पितो, पण कॉलऱ्याचे, टायफॉइडचे, काविळीचे जंतू डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून पुढची पायरी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन उरलाय का ते बघणं.

गावच्या जलसुरक्षकाकडे (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा माणूस) क्लोरोस्कोप, म्हणजे रंगपट्टीची नळी, आणि ओटीची बाटली असायला पाहिजे, नसेल तर आरोग्य उपकेंद्रात विचारा. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पट्टीवरच्या रंगाशी जुळवून आकडा वाचायचा. रंग लगेच बघा, पाच-दहा मिनिटं गप्पा मारून बघितला तर रंग चढतो आणि आकडा जास्त दिसतो. टेस्टचं पाणी फेकून द्या, ते प्यायचं नसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १०५००, नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन पाहिजे, आणि तो शेवटच्या घराला पाहिजे, टाकीखाली नाही. आमच्याकडे बऱ्याच गावांत टेस्ट होते ती टाकीच्या पायथ्याला किंवा ग्रामपंचायतीच्या नळाला, रजिस्टरमध्ये रोज पॉझिटिव्ह लिहिलेलं, आणि वस्तीच्या टोकाला पाणी कोरंच्या कोरं.

या टेस्टचा खरा उपयोग दोष शोधायला होतो आणि तो फार कोणी करून घेत नाही. नळी हातात घेऊन लाइनीच्या बाजूने चालत जायचं. टाकीच्या आउटलेटला, पहिल्या घराला, मधल्या चौकात, मग शेवटच्या नळाला. क्लोरीन घाणीशी लढतो आणि लढताना संपतो, त्यामुळे जिथं आकडा एकदम खाली पडला तिथं मागच्या तुकड्यात घाण शिरतीय. समजा टाकीखाली १ आहे, चौकात ०.८ आहे आणि मारुतीच्या पारापुढच्या पहिल्याच नळाला शून्य, तर अख्खं गाव उकरायची गरज नाही, चौक ते पार एवढाच तुकडा बघा. टाकीखालीच शून्य असेल तर पाइपाला दोष देऊ नका, टीसीएल पडतच नाहीये किंवा मेलेलं पडतंय. हे पाळीच्या पहिल्या पाच मिनिटांत एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा करा, दोन्हींत मोठा फरक आला की गळती पक्की. जोडीला एचटूएस व्हायल, म्हणजे ती छोटी बाटली, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायची, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेची घाण आहे असं धरायचं. जलजीवन मिशनमध्ये दर गावात ५ महिलांना तपासणी किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा, पुष्कळदा किट ग्रामपंचायतीच्या कपाटात सीलबंद पडलेलं असतं.

तुकडा सापडला की उकरायचं. नेमकं काय दिसतं ते सांगतो. आपली जमीन काळी, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, या ओढाताणीत उथळ टाकलेल्या पीव्हीसी पाइपाचे जॉइंट सरकतात. नालीच्या कडेने माती काढत गेलं की पाइपाच्या आजूबाजूची माती निळसर काळी आणि चिकट लागते, वास सुटतो, आणि मग जॉइंट दिसतो, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, वरून बांधणीची तार आवळलेली, तार गंजून तुटायला आलेली. हे कोणीतरी पाणी चालू असताना घाईत केलेलं असतं आणि बाहेर जाणारं पाणी त्याने थांबतंही, म्हणून सगळे खुश. पण ट्यूब आतल्या दाबाला अडवते, बाहेरून आत येणाऱ्या ओढीला अडवत नाही, ओढ लागली की ट्यूबची कडा सैल होते आणि चिखल आत. दुसरं हमखास सापडणारं म्हणजे घरगुती कनेक्शनचा पाइप नालीच्या आतून, तळाला टेकून नेलेला, कारण खोदायला सोपं. तिसरं, बंद झालेली जुनी कनेक्शनं. घर पडलं, माणसं सुरतेला गेली, पाइपाचं तोंड तसंच उघडं राहिलं किंवा त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली. जलजीवनची नवी लाइन टाकली पण जुनी लाइन तोडलीच नाही, दोन्ही कुठेतरी जोडलेल्या राहिल्या, असंही पाहिलंय, आणि तिथं नव्या पाइपाला कितीही शिव्या घाला, घाण जुन्यातून येत राहते.

आणि खड्ड्यातले नळ. यावर थोडं जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त घाण यातून जाते आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरच होतात. प्रेशर कमी म्हणून माणूस दारापुढे गुडघाभर खड्डा करतो, पाइप खाली कापतो, तोटी लावतच नाही, कारण पाणी आलेलं कळलं पाहिजे ना. धुणं-भांड्याचं पाणी, पावसाचं पाणी, गुरांचं मूत त्या खड्ड्यात साचतं आणि पाइपाचं उघडं तोंड त्यात बुडालेलं असतं. वॉल बंद झाला की लाइन निथळते आणि हा खड्डा उलटा मेन लाइनीत रिकामा होतो. म्हणजे एका घराचा खड्डा खालच्या दहा घरांच्या माठात. एका आप्पांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "खड्डा बुजा तं मंग पानी कथाईन यी रे भो?" आणि त्यांचं चूक नाही. प्रेशर द्यायचं नाही आणि खड्डा बुजवा म्हणायचं, कोण ऐकेल? म्हणून आधी गल्लीवार वॉल बसवून एका वेळी एकच भाग चालवायचा, उंचावरच्या वस्तीला वेगळी पाळी द्यायची, टिल्लू बंद करायच्या, दीड-दोन फुटांवर पाणी चढतंय हे आप्पांना डोळ्याने दाखवायचं, मग खड्डा बुजवायला सांगायचं. या क्रमाने केलं तर होतं. पाळीच्या वेळेपुरती गावठाणाची लाइट बंद ठेवून टिल्लू थांबवायचा उपायही काही गावं करतात, लोक कुरकुरतात पण शेवटच्या घरालाही पाणी पोचतं.

दुरुस्ती करताना ट्यूब-चिंधीचं काम पूर्ण बंद. फुटका तुकडा कापून काढा, पाइप कोरडा करा, घासा, कपलर आणि सोल्यूशन लावून सुकू द्या, त्या दिवशी त्या गल्लीचं पाणी बंद राहिलं तर राहू द्या. पाइप काळा एचडीपीई असेल तर पीव्हीसीचं सोल्यूशन त्याला धरतच नाही, तिथं कॉम्प्रेशन फिटिंग किंवा मशीनचा गरम जॉइंटच पाहिजे, हे माहीत नसलेले कारागीर सोल्यूशन ओतून पैसे घेऊन जातात. घरगुती कनेक्शन नालीवरून न्या, खालून नको, आणि ओलांडायचंच असेल तर बाहेरून मोठ्या पाइपाचं कव्हर घाला, नालीच्या हद्दीत एकही जॉइंट येऊ देऊ नका. कनेक्शनला नॉन रिटर्न वॉल बसवला तर घरातलं पाणी उलट लाइनीत जात नाही, खर्च किरकोळ आहे. वॉलच्या चेंबरमध्ये पाणी साचलेलं असेल तर ते उपसून, तळ वर घेऊन, झाकण घाला, वॉलची ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) गळकी असली की तिथूनही लाइन घाण ओढते. आणि लाइनीच्या शेवटाला वॉशआउट ठेवा, दर पाळीला पहिलं पाणी तिथून सोडून द्यायचं. पाणी वाया जातं म्हणून लोक ओरडतात, पण ते पाणी तसंही पिण्याचं नसतं, झाडांना जाऊ द्या. काम झालं की लाइनीत टीसीएलचं कडक पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी पूर्ण सोडून द्या, दवंडी देऊन सांगा की हे पाणी कोणी भरू नका, मगच चालू करा.

आता टीसीएल. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. आपल्याकडे हिशोब धरतात १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर चांगली असेल तर त्यातून लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन पडतो, पाण्यातली घाण खाऊन उरलेला नळाला दिसतो. पावडर मेलेली असेल तर त्याच २५० ग्रॅममधून काहीच मिळत नाही. २० टक्क्यांच्या खाली गेलेलं टीसीएल वापरायचं नाही असा नियम आहे, त्याचा नमुना तपासणीला पाठवता येतो, पाठवायला लावा. पोतंच्या पोतं टाकीत रिकामं करणारे महाभाग आहेत, तसं नका करू. प्लास्टिकच्या बादलीत आधी लापशीसारखं कालवा, मग पाणी भरा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत सोडा आणि अर्धा तास थांबून मगच वॉल उघडा. हा अर्धा तास फार जण खातात. लाइट येते, मोटर सुरू होते, टाकी भरता भरता वॉल सोडलेला असतो, क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही.

बाटल्या सगळ्या सारख्याच गढूळ निघाल्या तर गोष्ट वेगळी. गिरणेकाठच्या गावांच्या विहिरी नदीपात्रात आहेत, धरणातून आवर्तन सुटलं की नदीला पहिला लोट येतो तो पात्रातली सगळी घाण घेऊन, त्या वेळी लगेच उपसा सुरू करू नये, लोट पुढे जाऊ द्यावा. तापीकाठीही तेच, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी चहासारखं होतं. गढूळ पाण्यात टीसीएल टाकून फार उपयोग होत नाही, कारण क्लोरीन मातीशीच भांडून संपतो, आधी तुरटीने निवळवून, गाळून मग टीसीएल. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीच्या पट्ट्यात पाणी खोल बोअरचं, ते दिसायला काचेसारखं, तिथं गढूळपणा नाही पण क्षार बघा, आणि शेतात खत पडतंच तर नायट्रेटही वर्षातून एकदा तपासून घ्या, मर्यादा ४५ मिलिग्रॅम. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं, आणि तान्ह्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून देणं धोक्याचं.

इथंच आरओवाल्यांचं सांगून टाकतो. दारावर एक पोरगा येतो, तुमच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून करंट देतो, पाणी तांबडं-काळं-हिरवं होतं, बाई घाबरते आणि मशीन विकलं जातं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, लोखंडी सळी झिजून पाण्यात उतरते त्याचा असतो, आरओच्या पाण्यात क्षारच नसल्याने तिथं करंट धड वाहत नाही म्हणून ते पांढरं राहतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटरही जंतू दाखवत नाही, गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस ४०० येऊ शकतो आणि चांगल्या विहिरीचा ९००. मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्यासारखं, असं आहे. क्षार खरंच जास्त असेल तर आरओ घ्या, नुसत्या जंतूंसाठी एवढं पाणी वाया घालवायची गरज नाही. आणि पाच रुपयांच्या पाण्याचा जार आणत असाल तर तो जार आतून कोण कधी धुतं तेही बघून या, त्या पाण्यात क्लोरीन नसतो, घाणेरड्या जारमध्ये ते लवकर नासतं.

दुरुस्ती होईपर्यंत घरात काय? पाळीचं पहिलं पाणी पिण्याच्या भांड्यात घ्यायचंच नाही. प्यायचं पाणी चौपदरी सुती कापडाने गाळून, बुडबुडे चांगले फुटल्यावर मिनिटभर खळखळ उकळू द्या. गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचं द्रावण घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब, आणि अर्धा तास झाकून ठेवा. माठात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, कारण आठ दिवस साठवलेल्या पाण्यात हात गेला की वरचं सगळं केलेलं वाया. लेकराला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा, घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, पोर सुस्त पडलं तर दवाखाना, तिथं वाट बघायची नाही. एकाच गल्लीत दोन-तीन घरं आजारी पडली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा, पाण्याचे नमुने तेच घेतात.

ग्रामपंचायत पैसे नाहीत म्हणते. २०२१ ते २०२६ साठीच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायची, ठेवलेली होती, त्यातली अर्धी पाण्यासाठी आणि अर्धी स्वच्छतेसाठी. तुमचा दोष पाइप आणि नाली दोघांच्या मध्ये आहे, म्हणजे दोन्हीकडून काम धरता येतं, नालीवाला खर्च स्वच्छतेत आणि लाइनीचा पाण्यात. ग्रामसभेत तोंडी ओरडू नका, बाटल्या न्या, गल्लीवार ओटीचे आकडे कागदावर लिहून न्या आणि ठरावात अमुक चौक ते अमुक घर असं नाव घालून काम लिहायला लावा. "पाणीपुरवठा सुधारणे" असा ठराव झाला की समजा काहीच होणार नाही. एप्रिल आणि ऑक्टोबरला स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, तुमच्या गावाचं कुठलं आहे ते विचारायला काही लागत नाही. लाल असेल तर ठराव करायला सरपंचही तयार होतात.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या पाड्यांचं गणित वेगळं. तिथं लांब लाइन नसते, एका बोअरवर हातपंप आणि सोलर पंप असे दोन्ही आणि शेजारी ५ हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, त्यामुळे वर सांगितलेली पाइपाची बरीच भानगड तिथं नाही. तिथं बघायचं ते हातपंपाचा ओटा. ओट्याला तडा गेला असेल, सांडपाणी तिथंच मुरत असेल, गुरं तिथंच पाणी पीत असतील तर ती घाण बोअरच्या केसिंगच्या कडेने सरळ खाली उतरते, सिमेंटचा एक घमेला वेळेवर पडला तर वाचतं. टाकीला उन्हाने शेवाळ धरतं, झाकण वाऱ्याने उडालेलं असतं, ते तारेने बांधा. टीसीएल त्या टाकीला २५ ग्रॅम लागतं, पण टाकायला माणूस ठरलेला नसतो, कारण सोलर आपोआप चालतं, वॉलमनच नाही. पाड्यातल्या एखाद्या दहावी झालेल्या पोरीला पुड्या बांधून, तारखा टाकून द्या आणि तिला महिन्याला काहीतरी मानधन द्या, फुकट कोणी वर्षभर करत नाही. जिथं बोअरच नाही आणि नदीच्या वाळूत झिरा काढून पाणी भरतात तिथं झिऱ्याला दगडांचा कठडा घालून, गुरांची पाणी प्यायची जागा झिऱ्याच्या खालच्या अंगाला करून द्या, वरच्या अंगाला कपडे धुऊ देऊ नका, आणि घरी नेलेल्या हंड्यात क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते पिऊ नका.